जुन्या संग्रहातील अनोळखी खनिज : ओळख पटवावी कशी?

महाराष्ट्रातील अनेक जुन्या शाळा, महाविद्यालये आणि नगर वाचनालये यांच्या कपाटांत दगडांची एखादी पेटी आढळते. कोणा हौशी संग्राहकाने, निवृत्त अभियंत्याने अथवा विज्ञानशिक्षकाने ती पूर्वी कधीतरी संस्थेस भेट दिलेली असते. काही तुकड्यांवर नाव असते, काहींवरील चिठ्ठीची शाई उडालेली असते, तर काहींवर केवळ एक प्रश्नचिन्ह असते. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत या साऱ्यांची नोंद 'दगडांचे नमुने, नग इतके' एवढ्या एका ओळीत आटोपलेली असते.

अशी पेटी हाती आली म्हणजे दोन मोह होतात. निरुपयोगी वस्तू म्हणून तिचे निर्लेखन करून मोकळे व्हावे, हा पहिला. रंगावरून अंदाज बांधून प्रत्येक तुकड्यास एकेक नाव चिकटवून द्यावे, हा दुसरा. पहिल्याने वस्तू जाते. दुसऱ्याने वस्तू राहते, पण तिच्याविषयीचे चुकीचे ज्ञान विद्यार्थ्यांच्या एका पिढीकडून दुसरीकडे जात राहते. अनोळखी खनिजाची ओळख पटविण्याची एक शिस्तशीर रीत आहे. तिचा बराचसा भाग भिंग, तराजू आणि धीर एवढ्या साधनांवर पार पाडता येतो. ती रीत कोणती आणि तिची मर्यादा कोठे येते, याचा विचार या लेखात केला आहे.

काळ्या पाषाणाच्या पोटात

महाराष्ट्राचा फार मोठा भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे त्यास भूवैज्ञानिक 'दक्षिण ट्रॅप' या नावाने ओळखतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा खडक तयार झाला. आजही त्याने भारताचे सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. लाव्हा थंड होत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांतून उष्ण पाण्याचे विद्राव झिरपले आणि त्यांतील द्रव्ये पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने जमली. विहीर खणणारे लोक ज्या सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकाला 'मांजऱ्या' म्हणतात, त्यातील ते ठिपके म्हणजे अशाच भरलेल्या पोकळ्या होत.

या पोकळ्यांतील खनिजांत झिओलाइट गटाचे स्थान मोठे आहे. स्वीडनचे खनिजवैज्ञानिक क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'उकळणारा दगड' असा होतो, कारण तापविल्यावर या खनिजांतील पाणी बाहेर पडून ती फसफसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट व मॉर्डेनाइट ही आपल्याकडे आढळणारी काही झिओलाइटे होत. अपोफायलाइट, ओकेनाइट, गायरोलाइट आणि प्रेहनाइट ही खनिजे त्यांच्याच सोबतीने आढळतात. मात्र ती झिओलाइट गटातील नव्हेत. याखेरीज कॅल्साइट आणि क्वॉर्ट्झ ही दोन तर सर्वत्रच असतात. सामान्य बोलण्यात या साऱ्यांना सरसकट 'गारगोटी' म्हटले जाते. वास्तविक गारगोटी म्हणजे क्वॉर्ट्झ.

बोरघाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्यासाठी डोंगर फोडताना अपोफायलाइट व स्टिल्बाइट यांचे उत्कृष्ट स्फटिक मिळाले आणि ते परदेशांतील संग्रहालयांत पोहोचले. त्यानंतर पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतील दगडांच्या खाणी, रस्त्यांची खोदकामे आणि विहिरी यांतून असे नमुने मिळत आले आहेत. पुण्याजवळच्या पाषाण परिसरातील खाणींतून १९७० च्या दशकात निघालेले हिरवे अपोफायलाइट जगभर नावाजले गेले. या शतकाच्या आरंभी राहुरीजवळील मोमीन आखाडा येथे विहीर खोदताना हिरव्या अपोफायलाइटाचे गोलाकार पुंजके मिळाले.

जुन्या नमुन्याचे मोल येथेच आहे. खाण बुजते, तिच्यावर वस्ती उभी राहते, विहीर बांधून काढली जाते, बोगद्याच्या भिंतींना अस्तर लागते. ती पोकळी पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तेथे काय होते याचा एकमेव साक्षीदार कपाटातील तो तुकडाच असू शकतो. आणि साक्षीदाराचे नाव व गाव पुसले गेले, तर साक्षीला अर्थ उरत नाही.

पहिली पायरी : चिठ्ठी

म्हणून तपासणीचा आरंभ दगडापासून न करता चिठ्ठीपासून करावा. नमुना धुण्यापूर्वी, झाडण्यापूर्वी, किंबहुना पेटीतून हलविण्यापूर्वी चिठ्ठीसह त्याचे छायाचित्र घ्यावे. चिठ्ठीवरील मजकूर जसाच्या तसा, त्यातील चुकांसह, नोंदवहीत उतरवावा. दगडावर रंगाने लिहिलेला वा कागदी तुकड्यावर चिकटविलेला क्रमांक असल्यास तोही टिपावा. हा क्रमांक एखाद्या जुन्या यादीशी जुळला, तर अर्धे काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

चिठ्ठी वाचताना काळाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी चिठ्ठ्यांवर पुण्याचे नाव 'पूनाह' असे लिहिलेले दिसते. दख्खनचे पहिले पद्धतशीर निरीक्षण करणाऱ्यांपैकी एक, कर्नल साइक्स, हे आपल्या लेखनात 'डुखुन' असे रूप वापरीत. 'पूना' म्हणजे पुणे शहरच, असेही धरून चालू नये. त्या नावाखाली घाटमाथ्यापर्यंतचा सारा मुलूख अभिप्रेत असू शकतो. 'बॉम्बे' हे कित्येकदा नमुना जेथून जहाजावर चढला त्या बंदराचे नाव असू शकते.

खनिजांची नावेही बदलत असतात. ब्रुक या इंग्रज खनिजवैज्ञानिकांनी १८३१ मध्ये पुण्याकडील एका तंतुमय खनिजास 'पूनालाइट' असे स्वतंत्र नाव दिले होते. ते नवे खनिज नसून आधीच ज्ञात असलेल्या तंतुमय झिओलाइटांपैकीच आहे, असे पुढील अभ्यासात दिसून आले आणि ते नाव मागे पडले. पुण्याचे नाव जगाच्या खनिजशास्त्रात काही काळ अशा रीतीने वावरून गेले. असे नाव चिठ्ठीवर आढळल्यास ते खोडू नये. त्यावरून चिठ्ठी कोणत्या काळातील असावी याचा अंदाज येतो.

दुसरी पायरी : डोळे, भिंग आणि सोबती

दहापट मोठे दाखविणारे भिंग घेऊन नमुना दिवसाच्या उजेडात पाहावा. प्रथम पाहावयाचे ते अनोळखी खनिजाकडे नव्हे, तर त्याच्या सोबत्यांकडे. खाली काळा वा करडा, पोकळ्यांचा खडक आहे काय? त्यावर सर्वांत आधी कोणता थर बसला आहे आणि कोणता स्फटिक कोणाच्या अंगावर वाढला आहे? खनिजे आपापल्या सोबत्यांसह आढळतात. ट्रॅपच्या पोकळीत सामान्यतः काय असते हे ठाऊक असेल, तर शेकडो खनिजांची यादी दहा-वीस नावांवर येते.

यानंतर आकार पाहावा. स्टिल्बाइटाचे स्फटिक मध्यभागी बांधलेल्या पेंढीप्रमाणे दोन्ही टोकांना फुललेले दिसतात. ह्यूलँडाइटाचा स्फटिक मध्ये रुंद व टोकांकडे निमुळता, शवपेटीच्या आकाराचा असतो. स्कोलेसाइट सुयांच्या जुडग्यासारखे, तर ओकेनाइट कापसाच्या पांढऱ्या गोळ्यासारखे दिसते. अपोफायलाइटाचा चौकोनी स्फटिक पुष्कळदा घनासारखा भासतो. पण त्याच्या चार बाजूंवर उभ्या रेषा असून चमक काचेसारखी असते, तर वरच्या सपाट पृष्ठावर मोत्यासारखी झाक असते. खऱ्या घनाची सहाही पृष्ठे सारखी असतात. एवढ्या एका निरीक्षणाने दोहोंतील फरक स्पष्ट होतो.

रंग मात्र सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. रंग हा खनिजाचा सर्वांत ठळक आणि सर्वांत फसवा गुण आहे. तेच अपोफायलाइट रंगहीन, पांढरे वा हिरवे असते. पुण्याकडील अपोफायलाइटाचा हिरवा रंग तांब्यामुळे वा लोहामुळे नसून अत्यल्प प्रमाणातील व्हॅनेडियम या धातूमुळे आहे, असे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्णपटीय अभ्यासाने दाखवून दिले. अलीकडे बाजारात कृत्रिम रंगात बुडविलेले ओकेनाइटाचे निळे, जांभळे गोळेही मिळतात. रंग केवळ भेगांत व तंतूंच्या मुळाशी साचलेला दिसला, तर संशय घ्यावा.

तिसरी पायरी : कठिनता, पाटन व कस

जर्मन खनिजवैज्ञानिक मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची एक श्रेणी ठरविली. तीत संगजिरे सर्वांत मऊ म्हणजे १ आणि हिरा सर्वांत कठीण म्हणजे १०. शाळेत एवढे साहित्य नसले तरी चालते. बोटाच्या नखाची कठिनता सुमारे अडीच, तांब्याच्या तारेची सुमारे तीन आणि काचेची वा चाकूच्या पात्याची सुमारे साडेपाच असते. कॅल्साइटाची कठिनता ३, स्टिल्बाइट व ह्यूलँडाइटाची साडेतीन ते चार, अपोफायलाइटाची साडेचार ते पाच, स्कोलेसाइटाची पाच ते साडेपाच आणि क्वॉर्ट्झाची ७ आहे. काचेवर सहज ओरखडा उमटविणारा पांढरा स्फटिक झिओलाइट नसून बहुधा क्वॉर्ट्झ असतो, हे यावरून ध्यानात येईल.

स्फटिक ठराविक प्रतलाला अनुसरून गुळगुळीत फुटतो या गुणास 'पाटन' म्हणतात. कॅल्साइट तीन दिशांनी फुटून तिरक्या चौकटीचे तुकडे होतात. अपोफायलाइट एकाच आडव्या दिशेने स्वच्छ फुटते. क्वॉर्ट्झास असे पाटन जवळजवळ नसतेच आणि ते फुटल्यावर शिंपल्यासारखे वक्र पृष्ठ दिसते. न चकाकणाऱ्या पांढऱ्या चिनीमातीवर खनिज घासल्यास उमटणाऱ्या भुकटीच्या रंगास 'कस' म्हणतात. रंगीत दिसणाऱ्या पुष्कळ खनिजांचा कस पांढराच असतो. त्यामुळे कस रंगीत उमटला तर ती महत्त्वाची खूण ठरते.

या कसोट्या जुन्या नमुन्याच्या दर्शनी स्फटिकावर कधीही करू नयेत. पेटीच्या तळाशी पडलेला कण किंवा नमुन्याच्या मागील बाजूचा तुटका भाग त्यासाठी वापरावा. तसे काही नसेल, तर ही पायरी सोडून द्यावी. ओळख पटविण्यासाठी वस्तूच खर्ची घालणे हा शहाणपणा नव्हे.

चौथी पायरी : वजन

सुटा व एकाच खनिजाचा स्फटिक असल्यास त्याचे विशिष्ट गुरुत्व काढणे ही इजा न करणारी आणि अत्यंत विश्वसनीय कसोटी आहे. आजकाल सहज मिळणारा, ग्रॅमचा दहावा भाग दाखविणारा विद्युत् काटा त्यास पुरेसा होतो. प्रथम स्फटिकाचे वजन करावे. नंतर काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा. मग स्फटिक दोऱ्याने टांगून, तळास वा कडेस न टेकविता, पूर्ण बुडवावा. काट्यावर जो आकडा दिसेल त्याने मूळ वजनास भागावे.

उदाहरणार्थ, स्फटिकाचे वजन २४ ग्रॅम असून बुडविल्यावर काट्याने १०.३ ग्रॅम दाखविले, तर विशिष्ट गुरुत्व २.३३ येते. क्वॉर्ट्झाचे विशिष्ट गुरुत्व २.६५, कॅल्साइटाचे २.७१, स्टिल्बाइटाचे सुमारे २.१ ते २.२ आणि अपोफायलाइटाचे सुमारे २.३ ते २.४ असते. म्हणजे हा स्फटिक अपोफायलाइट असण्याचा संभव मोठा. आकार, चमक व पाटन यांनी त्यास दुजोरा दिला, तर नाव लिहिण्यास हरकत नाही. खडकाला चिकटलेल्या नमुन्यावर मात्र ही कसोटी निरर्थक ठरते, कारण त्यात खडकाचेही वजन मिसळते.

पाचवी पायरी : आम्ल आणि उष्णता

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडताच कॅल्साइट फसफसते. ही कसोटी प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि सुट्या कणावरच करावी. आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही घालू नये. संपूर्ण नमुना आम्लात बुडवून 'स्वच्छ' करण्याची प्रथा सर्वस्वी त्याज्य होय. काही झिओलाइटे आम्लात विरघळून लगद्यासारखी होतात, अपोफायलाइटही खराब होते आणि सोबत्यांचा पुरावा नाहीसा होतो.

पूर्वीचे खनिजवैज्ञानिक फुंकनळीच्या ज्वाळेत कण तापवून पाहत. अपोफायलाइटाचे पापुद्रे सुटतात, स्कोलेसाइट किड्यासारखे वळते. या दोन्ही खनिजांची ग्रीक नावे याच गुणांवरून पडली आहेत. आज मात्र अधिक सौम्य उपाय उपलब्ध असल्याने या कसोटीची गरज क्वचितच भासते. अतिनील दिव्याचा उपयोगही काही ठिकाणी निर्णायक ठरतो. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील खाणीतून मिळालेले पॉवेलाइट हे कॅल्शियम व मॉलिब्डेनम यांचे खनिज आखूड लहरींच्या अतिनील प्रकाशात पिवळसर उजळते. असा दिवा वापरताना डोळ्यांना संरक्षण हवेच.

येथे आरोग्याविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. केसांसारखी बारीक तंतुमय खनिजे फुंकर मारून वा कोरड्या कुंच्याने झाडू नयेत. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटाची धूळ श्वासावाटे गेल्यास कर्करोग होतो, हे तुर्कस्तानातील काही खेड्यांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. तंतू ओळखीचा नसेल तोवर नमुना झाकणाच्या पारदर्शक डबीतच ठेवावा.

निळ्या ठिपक्याचे उदाहरण

ही सारी रीत एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, पेटीत गुलाबी-पांढऱ्या पेंढीच्या आकाराच्या स्फटिकांचा एक तुकडा आहे. त्यावर गर्द निळ्या रंगाचे, गहू-ज्वारीच्या दाण्याएवढे, सुयांच्या टोकांनी भरलेले दोन-तीन पुंजके आहेत. चिठ्ठीवर 'पूना' एवढेच गावाचे नाव असून पुढे 'तांबे?' असे लिहिलेले आहे.

निळा रंग पाहून तांब्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. अझुराइट हे तांब्याचे कार्बोनेट असेच गर्द निळे असते. पण पायऱ्यांनी गेले असता काय दिसते? खालचा खडक ट्रॅपचा आहे आणि पेंढीचे स्फटिक स्टिल्बाइटाचे आहेत. तांब्याच्या कार्बोनेटाची ही नेहमीची संगत नव्हे. अझुराइटाचा कस निळा असतो, आम्लात ते फसफसते आणि त्याचे विशिष्ट गुरुत्व पावणेचारच्या आसपास, म्हणजे झिओलाइटांच्या मानाने फारच जड असते. आपल्या निळ्या कणाचा कस जवळजवळ पांढरा, किंचित निळसर येतो आणि कण फसफसत नाही. येथे एक दक्षता हवी. कणाच्या बुडाशी कॅल्साइट चिकटलेले असेल, तर थेंब टाकताच बुडबुडे येतील आणि ते निळ्या खनिजाचे आहेत असा भ्रम होईल. म्हणून बुडबुडे नेमके कोठून येतात हे भिंगातून पाहिले पाहिजे.

तांबे बाद झाले. मग उरते काय? कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांचे पाणीयुक्त खनिज, कॅव्हनसाइट. त्याचे नाव या घटकद्रव्यांच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरे जोडून तयार झाले आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात १९६० च्या दशकात ते प्रथम सापडले आणि १९७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पुण्याकडील नमुन्यांवर ते असल्याची नोंद त्याच दशकात झाली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुण्याजवळील वाघोलीच्या दगडांच्या खाणींतून त्याचे असे सुंदर नमुने निघू लागले की वाघोली हे नाव जगातील खनिजसंग्राहकांच्या तोंडी झाले. पाषाणच्या अपोफायलाइटास हिरवा रंग देणारे व्हॅनेडियमच येथे निळा रंग देते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. चिठ्ठी १९७३ पूर्वीची असेल, तर संग्राहकास हे नाव ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्याने अंदाज लिहिला आणि पुढे प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह ठेवले. ते प्रश्नचिन्ह नसते, तर कोणी तो तुकडा पुन्हा तपासला नसता. दुसरी गोष्ट अशी की, 'हे कॅव्हनसाइट आहे' असे निश्चयाने लिहिण्याचा अधिकार अजूनही आपणांस प्राप्त झालेला नाही. कारण वाघोलीलाच त्याचे एक जुळे भावंड आढळते. पेंटागोनाइट हे त्याचे नाव. दोहोंचे रासायनिक घटक व त्यांचे प्रमाण अगदी एकच. भेद केवळ अणूंच्या आतील मांडणीचा. रंग सारखा, वजन जवळजवळ सारखे. पेंटागोनाइटाच्या स्फटिकांचे पाच जोडांचे ताऱ्यासारखे पुंजके दिसले तर ओळखता येते, परंतु प्रत्येक नमुन्यात ते दिसतातच असे नाही. घरगुती कसोट्यांची मर्यादा ती हीच.

प्रयोगशाळेचे काम

या टप्प्यावर प्रयोगशाळेची मदत घ्यावी. क्ष-किरण स्फटिकातील अणूंच्या मांडणीमुळे ठराविक कोनांत वळतात, हे १९१२ मध्ये लाउए यांच्या प्रयोगाने सिद्ध झाले. या क्ष-किरण विवर्तनाच्या पद्धतीने प्रत्येक खनिजाचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो. त्यासाठी चिमूटभर भुकटीही पुरते. रामन वर्णपटाच्या पद्धतीत तेवढ्याचीही गरज नसते. नमुन्यावर लेसरचा झोत टाकून परतणाऱ्या प्रकाशाचे विश्लेषण करतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकास जोडलेल्या उपकरणाने मूलद्रव्ये कळतात. पण वरील जुळ्या भावंडांच्या बाबतीत ते निरुपयोगी, कारण मूलद्रव्ये दोहोंत तीच आहेत. कोणता प्रश्न विचारावयाचा आहे हे आधी ठरविले, तरच कोणती चाचणी मागावयाची हे ठरते.

पुणे, मुंबई, नागपूर इत्यादी ठिकाणच्या विद्यापीठांत व काही महाविद्यालयांत भूविज्ञानाचे विभाग आहेत. राज्य शासनाच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे मुख्यालय नागपूर येथे आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचेही कार्यालय तेथे आहे. संस्थाप्रमुखांनी छायाचित्रे, चिठ्ठीची नक्कल आणि आपण केलेल्या निरीक्षणांची टिपणे यांसह अशा ठिकाणी पत्रव्यवहार करावा. 'हा दगड कोणता?' एवढेच विचारण्यापेक्षा 'ट्रॅपमधील स्टिल्बाइटावर निळे खनिज, कस जवळजवळ पांढरा, आम्लात फसफसत नाही' असे लिहिल्यास तज्ज्ञास तत्काळ दिशा मिळते.

नोंद कशी ठेवावी

ओळख पटली म्हणजे जुनी चिठ्ठी काढून नवी लावण्याची घाई होते. तसे करू नये. जुनी चिठ्ठी नमुन्यासोबतच राहावी आणि नवी तिच्या जोडीला यावी. नव्या चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात : नाव, ते कोणत्या कसोट्यांवरून ठरविले, कोणी ठरविले आणि कोणत्या तारखेस. १९९७ मध्ये झिओलाइटांच्या आणि २०१३ मध्ये अपोफायलाइटांच्या नामकरणाचे नियम सुधारले गेले. आता त्यांच्या पूर्ण नावात प्रमुख मूलद्रव्याचाही निर्देश करतात. उद्या आणखी सुधारणा होतील. कसोटी व तारीख लिहिलेली असेल, तर पुढील अभ्यासकास कोठून पुढे जावयाचे हे कळेल. निश्चय झाला नसेल तेथे 'बहुधा' हा शब्द लिहिण्यास संकोच करू नये. काहीच ठरले नसेल, तर 'अनोळखी' असे स्वच्छ लिहावे. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयुक्त होय.

ग्रामपंचायतींचाही या कामाशी निकटचा संबंध आहे. गावात विहीर, पाझर तलाव वा रस्त्याचे खोदकाम होते तेव्हा पोकळ्यांतील स्फटिक बाहेर पडतात आणि खडीबरोबर चुरले जातात. खाणीत उतरणे धोक्याचे आहे आणि गौण खनिजांचे नियम सर्वांना बंधनकारक आहेत. परंतु काढून टाकलेल्या दगडांत एखादा वेगळा स्फटिक दिसला, तर जमीनमालकाच्या व संबंधितांच्या संमतीने तो गावच्या शाळेत ठेवता येतो. त्यासोबत गावाचे नाव, गट क्रमांक, विहिरीची खोली, खडकाचा प्रकार आणि तारीख एवढे लिहून ठेवावे. शंभर वर्षांपूर्वीच्या संग्राहकाने आपल्यासाठी जे लिहून ठेवावयास हवे होते असे आज वाटते, ते आपण पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवू शकतो.

विज्ञानशिक्षणाच्या दृष्टीने तर ही पेटी म्हणजे मोठीच संधी आहे. पाठ्यपुस्तकातील खनिजांची नावे विद्यार्थी पाठ करतात. परंतु संशय कसा घ्यावा, पुरावा क्रमाने कसा तपासावा आणि जेवढे सिद्ध झाले तेवढेच कसे बोलावे, हे त्यांना एक अनोळखी दगड अधिक चांगले शिकवू शकतो. येत्या सत्रात जडवस्तुसंग्रहाची तपासणी होईल तेव्हा 'दगडांचे नमुने, नग इतके' ही ओळ पुढे ओढण्याऐवजी प्रत्येक नमुन्यास एक क्रमांक, एक छायाचित्र आणि एक चिठ्ठी मिळाली, तरी या कामाचा उत्तम आरंभ होईल.